बाबांना घेऊन ‘कावाल्लेरिया’ आणि ‘पाल्याच्ची’ बघायला चाललेय – कथा आधी सांगू का?

केतकी_तोरीनो
नमस्कार मंडळी. आई-बाबा सध्या आमच्याकडे इटलीत, तोरीनोत आलेत. बाबा जन्माचे सांगलीकर आणि नाटकवेडे. संगीत नाटकांतली पदं तोंडपाठ. रेडिओवर जुनं पद लागलं की हातातलं काम तिथेच थांबतं. त्यांच्यासाठी इथल्या तेआत्रो रेज्जो या नाट्यगृहाची तिकिटं काढलीत. एकाच संध्याकाळी दोन छोटे ऑपेरा आहेत, आधी मास्कान्यीचा ‘कावाल्लेरिया रुस्तिकाना’ आणि मध्यंतरानंतर लेओंकावाल्लोचा ‘पाल्याच्ची’. प्रत्येकी सव्वा तासाच्या आसपास.

आमच्यापैकी कुणीच आजवर ऑपेरा प्रत्यक्ष पाहिलेला नाही. बाबांना इटालियनचा गंध नाही. त्यांना कथा आधी सांगून नेऊ की कोरी पाटी ठेवून? शेवट कळला तर रंगत जाईल अशी मला भीती आहे. आणि तीन तास बसून त्यांना कंटाळा तर नाही ना येणार? आईने तर विचारलं, “दोन्हींत खून आहेत म्हणतेस, मग एकच बघून घरी येऊ या का?”

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

रानपाखरू
दोन्हींत खून आहेत हे तू शीर्षकाखालीच सांगून टाकलंस, आता कोरी पाटी कसली!

मिरजेची_तार
केतकी, सगळं सांग. अगदी शेवटासकट. ‘सौभद्र’ बघायला जाणाऱ्याला सुभद्रा शेवटी कुणाला मिळणार हे माहीत नसतं का? तरी लोक पहाटेपर्यंत बसत होते. गायनाचं नाटक कसं घडतं ते बघायचं असतं, काय घडतं ते नव्हे.

पहिल्याची कथा अशी सांग. सिसिलीतलं खेडं, ईस्टरची सकाळ. तुरिद्दू फौजेतून परत येतो तो त्याची लोला गाडीवान आल्फियोची बायको झालेली. तो सांतुत्साला नादी लावतो, पण लोलाने खुणावलं की पुन्हा तिच्याकडे. सांतुत्साची गावात अब्रू गेलेली. ती तुरिद्दूच्या पायांशी पडते, तो तिला झिडकारतो, आणि त्या तिरीमिरीत ती आल्फियोला सगळं सांगून टाकते. मग दोन पुरुषांमधलं चाकूचं द्वंद्व. एवढीच गोष्ट. चार ओळींत संपते म्हणून संगीताला जागा मिळते.

काकांना एक जरूर सांग. पडदा उघडण्याआधीच, सुरुवातीच्या वादनातच तुरिद्दूचं गाणं पडद्याआडून ऐकू येतं, सोबत हार्प. शब्द सिसिलियन बोलीतले आहेत, त्यामुळे इटालियन येणाऱ्यांनाही सगळे कळत नाहीत. लोलाच्या दारात मेलो तरी बेहत्तर, असं तो म्हणतो. म्हणजे नाटककारानेच शेवट पहिल्या पाच-दहा मिनिटांत सांगून टाकला आहे. तू कशाला लपवतेस?

थेम्सकाठ
मिरजेची_तार, पहिल्याबद्दल मान्य. ‘पाल्याच्ची’बद्दल मात्र साफ अमान्य. तिथे खेळात खेळ आहे. फिरती नाटकमंडळी गावात येते, मालक कानियो, त्याची बायको नेद्दा. रंगमंचावर विनोदी नाटक चाललंय, नवरा फसवला जातोय म्हणून समोरचे गावकरी हसतायत, आणि कानियोचं भान हळूहळू सुटत जातं. अभिनय कुठे संपला हे गावकऱ्यांना आधी कळतं की आपल्याला, यातच त्या पंधरा-वीस मिनिटांचा जीव आहे. तो प्रश्न काकांच्या मनात जिवंत राहू दे. मंडळी कोण, कुणाचं कुणाशी काय, एवढं सांग आणि थांब.

मी लंडनला रॉयल ऑपेरा हाउसमध्ये दामियानो मिकिएलेत्तोने बसवलेला प्रयोग पाहिला होता. २०१५ साली आलेली ती मांडणी. त्याने दोन्ही कथा एकाच गावात घडवल्या. ‘कावाल्लेरिया’त तुरिद्दूच्या आईची, मम्मा लुचियाची बेकरी आहे, रंगमंच फिरता. मधल्या वादनाच्या वेळी दुसऱ्या नाटकातल्या नेद्दा आणि तिचा प्रियकर सिल्वियो यांची ओळख त्या बेकरीत होताना दिसते. आणि ‘पाल्याच्ची’तल्या वादनात सांतुत्सा आणि मम्मा लुचिया पुन्हा येतात. दोन्ही संगीतकारांच्या स्वरांना धक्का न लावता हे केलं होतं.

अनुस्वार
थोडी पार्श्वभूमी देतो, कारण काकांना नाटकाच्या इतिहासात रस असणारच.

या धारेला वेरिझ्मो म्हणतात. राजे, देवता, सरदार बाजूला सारून गाडीवान, शेतमजूर, नावाडी, फिरते नट यांना मध्यावर आणणारी. मूळ साहित्यातलं. जोवान्नी वेर्गाने ‘कावाल्लेरिया’ची कथा १८८० मध्ये लिहिली, १८८४ मध्ये तिचं नाटक केलं आणि एलेओनोरा दूझे या अभिनेत्रीने सांतुत्सा उभी केली. पुढे सोंझोन्यो या प्रकाशकाने एकांकी ऑपेरांची स्पर्धा जाहीर केली. मास्कान्यी तेव्हा चेरिन्योला नावाच्या आडगावात बँड बसवून पोट भरत होता, वय विशी-पंचविशीतलं. त्याचा ऑपेरा पहिला आला. १७ मे १८९० रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीत पहिला प्रयोग झाला, आणि पाहता पाहता तो युरोपभर गेला. वेर्गाने मग मोबदल्यासाठी दावा लावला आणि १,४३,००० लिरे मिळवले.

हे यश पाहून लेओंकावाल्लोने ‘पाल्याच्ची’ लिहिला. शब्द आणि संगीत दोन्ही त्याचं. २१ मे १८९२, मिलानचं तेआत्रो दाल वेर्मे, कंडक्टर तरुण तोस्कानीनी. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने दोन्ही एका रात्रीत केले. तेव्हापासून जोडी जमली ती जमलीच.

एक बारकावा. कानियो गावकऱ्यांना ‘तेवीस वाजता या’ अशी दवंडी देतो. रात्रीचे अकरा नव्हेत. जुन्या इटालियन पद्धतीत दिवस सूर्यास्ताला संपायचा, म्हणून तेवीस म्हणजे दिवस मावळायच्या तासभर आधी. रंगमंचाच्या वर भाषांतराची पट्टी असते, तिच्यावर आकडा दिसला तर गोंधळू नका.

डॉ_घसा
कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून माझा रस वेगळा. केतकी, बाबांना एकच सांगा, समोर माइक नाही.

साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडून एक माणूस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो हे चमत्कारासारखं वाटतं, पण त्यामागे शास्त्र आहे. ऑर्केस्ट्राच्या ध्वनीचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो, पुढे तो उतरत जातो. तयारीचा गायक स्वरयंत्र खाली आणि घशाची पोकळी मोकळी ठेवून आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास धार आणतो. तिथे वाद्यांची गर्दी कमी आणि आपला कान सर्वात तिखट. स्वीडनच्या योहान सुंडबेर्ग यांनी हे मोजून दाखवलं. गायक वाद्यांशी मारामारी करत नाही, त्यांच्यातल्या फटीतून बाहेर येतो.

वेरिझ्मोत गळ्याची कसोटी जास्त लागते. वाद्यमेळ जाड, आणि मधूनच हुंदका, किंकाळी, नुसतं बोलणं. घसा सैल ठेवून रडल्याचा आभास करायचा असतो. खरंच रडला तर पुढचा स्वर लागणार नाही. कानियोचं ते प्रसिद्ध गाणं, बायकोचं प्रेमप्रकरण नुकतंच कळलेलं असताना तोंडाला रंग फासून ‘हस, विदूषका’ असं स्वतःलाच बजावण्याचं, तिथे हे बारकाईने ऐका. रेकॉर्डवर एन्रिको कारूझोपासून सगळ्यांचं ऐकलं असेल. प्रत्यक्षात तो आवाज छातीवर येऊन आदळतो.

बसायला वरच्या मजल्यावरची पुढची रांग उत्तम. बाल्कनीच्या छताखाली खोल आत बसू नका, आवाज तिथे दबतो.

कुलाबा_कॉजवे
डॉक्टर, शंभर टक्के. मी मुंबईत एनसीपीएला मेट्रोपोलिटनचे चित्रित प्रयोग मोठ्या पडद्यावर बघत आले. चेहरे जवळून दिसतात, भाषांतर ठळक, आणि मुंबई सोडावी लागत नाही. त्याबद्दल मला फार कृतज्ञता आहे. पण तिथे सगळ्यांचे आवाज एकाच मापाचे होऊन येतात. न्यूयॉर्कला लेकीकडे गेले तेव्हा मागे उभं राहण्याच्या तिकिटावर ‘पाल्याच्ची’ पाहिला. गायिका पाठ फिरवते तेव्हा आवाज बदलतो, विंगेतला कोरस खरोखर लांबून येतो. हे पडद्यावर कधीच कळलं नव्हतं.

रानपाखरू
वेरोनाच्या अरेनाचाही विचार करा कुणीतरी. पहिल्या शतकातलं रोमन रंगमंडल, १९१३ पासून उन्हाळ्यात तिथे ऑपेरा होतात. दगडी पायऱ्यांवर बसायचं, भाड्याची उशी घ्यायचीच. दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत खालून शेकत राहतो. पाऊस आला तर वाद्यवाले व्हायोलिनं पोटाशी धरून पळतात आणि सगळे आकाशाकडे बघत बसतात. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर खालच्या खुर्च्या घ्या.

आणि सर्वांना सूचना, खूश झालात म्हणून शिट्टी मारू नका! इटलीत शिट्टी म्हणजे ‘उतर खाली’.

झुळूक
सगळे आवाज आणि इतिहासावर बोलताय, म्हणून मला खटकणारी गोष्ट मांडते. नवरा बायकोला भोसकतो आणि आपण त्याच्या दुःखाचं गाणं गुणगुणत घरी जातो. नेद्दाचं नाव किती जणांच्या लक्षात राहतं? ‘अब्रूसाठी खून’ हे आपल्याकडे अजूनही बातम्यांत आहे. मी पाहायला गेले होते तेव्हा कानियोच्या गाण्यानंतर प्रचंड टाळ्या पडल्या आणि मला त्यात सामील होता येईना.

थेम्सकाठ
झुळूक, खटकणं रास्त आहे. पण तो दोष मी संगीतकाराला देणार नाही. नेद्दाला पाखरांवरचं स्वतंत्र गाणं दिलंय, मोकळं व्हायची तिची आस त्यात आहे. मंडळीतला विदूषक तोनियो अंगचटीला येतो तेव्हा ती त्याला चाबकाने फोडते. शेवटी कानियो सुरा घेऊन प्रियकराचं नाव मागतो तेव्हा ती म्हणते, मी वाईट असेन, पण भ्याड नाही. आणि नाव सांगत नाही. त्या रंगमंचावर तिच्याइतकं धीट कुणी नाही.

मिरजेची_तार
शिवाय शेवटचं वाक्य कोण म्हणतं ते बघा. ‘खेळ संपला’ हे शब्द मूळ संहितेत तोनियोचे आहेत. कानियोला चुगली करून ज्याने आग लावली तोच हात झटकून प्रेक्षकांना घरी जायला सांगतो. नंतर कानियो गाणाऱ्या टेनर (उंच पट्टीच्या पुरुष गायक) मंडळींनी ते वाक्य कानियोकडे ओढून घेतलं आणि सगळी सहानुभूती खुन्याकडे वळली. आता काही प्रयोगांत ते पुन्हा तोनियोला देतात. झुळूक, असा प्रयोग मिळाला तर अवश्य बघ, अर्थ बदलतो.

झुळूक
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. बघेन. तरीही सांतुत्साने चुगली केली म्हणून तुरिद्दू मेला, असं प्रेक्षागृहातून बाहेर पडताना लोक बोलतात, ते मला पटत नाही ते नाहीच. गावाने तिला देवळाबाहेर उभं केलं, त्याचं कुणी बोलत नाही.

आगाशीकर
वसईचा आहे, लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात. झुळूक जे म्हणतायत तेच ‘कावाल्लेरिया’चं मर्म आहे असं मला वाटतं.

चर्चमधून लॅटिन ‘रेजीना चेली’ सुरू होतं. ईस्टरच्या काळात म्हणायची ही मरियेची प्रार्थना आहे, आमच्या घरी आजी म्हणायची. बाहेर चौकात सगळं गाव त्यात सूर मिसळतं, आणि त्या सगळ्यांच्या वर सांतुत्साचा आवाज चढत जातो. पण ती चर्चमध्ये पाऊल टाकू शकत नाही, ती बहिष्कृत आहे. ख्रिस्त पुन्हा उठला म्हणून सर्वात उंच स्वरात ती गाते आणि आत जायला तिलाच बंदी. आमच्याकडे ईस्टरच्या मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन सगळं गाव चर्चमध्ये असतं. त्या रात्री एकीला बाहेर ठेवणं म्हणजे काय, ते मला गाणं ऐकताना पोटात जाणवतं.

केतकीताई, आईबाबांना ही प्रार्थना आधी नक्की ऐकवा.

अनुस्वार
आगाशीकर, सुंदर. संग्रही ठेवावा असा प्रतिसाद.

जाता जाता, वेरिझ्मो म्हणून पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचंही नाव घेतात, ते मला मान्य नाही. गायिका, चित्रकार आणि पोलिसप्रमुख, यात खेडूत कुठे आहेत?

कुलाबा_कॉजवे
खेडूत नसले म्हणून काय झालं? पुच्चीनीने सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर एका धर्मगुरूकडून विचारून घेतला. पहाटेच्या घंटा कशा ऐकू येतात ते कळावं म्हणून स्वतः रोमच्या कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्यावर गेला. तिसऱ्या अंकातल्या मेंढपाळ पोराचं गाणं रोमच्या बोलीत लिहून घेतलं. हे वेरिझ्मोचं रक्त नाही तर काय?

अनुस्वार
घंटा खऱ्या आहेत, कथा अतिरंजित आहे. त्याचाच ‘इल ताबार्रो’ घ्या, १९१८ चा. सेन नदीवरची मालवाहू होडी, गोण्या वाहणारे मजूर, मूल गमावलेलं जोडपं. तो मात्र अस्सल.

रानपाखरू
केतकी अजून जाऊन आली की नाही? तिचा प्रश्न बाजूला ठेवून तुम्ही रोमला पोचलात.

केतकी_तोरीनो
जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार, आता सविस्तर.

थेम्सकाठ आणि मिरजेची_तार, तुमच्या दोघांचं ऐकलं. ‘कावाल्लेरिया’ शेवटासकट सांगितला, ‘पाल्याच्ची’ अर्धा. ‘रेजीना चेली’ घरी दोनदा ऐकवली. थिएटर बाहेरून जुनं, आतून आधुनिक आहे. १९३६ च्या आगीत जुनं जळालं, दर्शनी भिंत तेवढी उरली. आतलं आजचं थिएटर वास्तुविशारद कार्लो मोल्लीनोचं, १९७३ साली उघडलेलं. पुच्चीनीचा ‘ला बोहेम’ १८९६ मध्ये पहिल्यांदा झाला तो याच जागेवरच्या जुन्या थिएटरात, हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी चपला काढायच्या बेतात जमिनीला हात लावला.

दिवे गेले, पडद्याआडून तुरिद्दूचा आवाज आला आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला. “माइक नाही ना?” असं पुन्हा विचारलं. नंतर वरच्या भाषांतराच्या पट्टीकडे एकदाही पाहिलं नाही. कथा ठाऊक होती म्हणूनच ते पूर्ण वेळ माणसांकडे बघू शकले. मधल्या वादनात रंगमंच रिकामा होता. शेजारी एक आजोबा डोळे मिटून बसले होते, बाबाही तसेच.

शेवटाला द्वंद्व दिसतच नाही. लांबून एक बाई ओरडते, तुरिद्दूला मारलं. गाणं नाही, नुसती किंकाळी. कथा पाठ असूनही आम्ही तिघं दचकलो. मंडळी, हे कुठल्याही रेकॉर्डवर असं ऐकलं नव्हतं.

‘पाल्याच्ची’त पडद्यातून तोनियो पुढे आला आणि प्रेक्षकांशी बोलायला लागला. नटही तुमच्यासारखी हाडामांसाची माणसं आहेत, लेखकाला आज जगण्याचा तुकडा दाखवायचाय, वगैरे. बाबा पुटपुटले, “सूत्रधार!” त्यांच्यासाठी तिथून पुढे काहीच परकं राहिलं नाही. शेवटी मात्र गावकरी खुर्च्यांवरून उठायला लागले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “हे खरं की खेळातलं?” म्हणजे थेम्सकाठ, तुम्ही जिंकलात.

पण सगळ्यात मोलाचं आई बोलली, घरी येताना ट्राममध्ये. ती म्हणाली, “त्या लुचियाबाईला एकही गाणं का दिलं नाही?” मी म्हटलं, छोटी भूमिका आहे. तर म्हणाली, “मुलगा तिचा, दुकान तिचं, त्या सांतुत्साला शेवटी पोराने तिच्याच पदरात टाकलं. सगळे येऊन तिला सांगतात, ती नुसती ऐकते. अशाच असतात बायका.” झुळूक, तुझी फार आठवण झाली.

झुळूक
केतकी, आईंना माझा नमस्कार सांग. मी इतकी वर्षं सांतुत्सा आणि नेद्दाबद्दल वाद घालतेय, लुचियाकडे लक्षच गेलं नव्हतं. मरायला जाण्याआधी तुरिद्दू आईला म्हणतो की दारू जरा जास्त झाली, मला आशीर्वाद दे, मी परतलो नाही तर सांतुत्साची आई हो. हे सगळं टेनरचं गाजलेलं गाणं म्हणून ऐकतात. आता मी ते लुचियाच्या चेहऱ्याकडे बघत ऐकणार.

डॉ_घसा
चांगली लुचिया स्वतःचं एकही गाणं नसताना प्रयोग पेलते. मूळ कथेत तर द्वंद्व डोळ्यांसमोर घडतं, आल्फियो मूठभर माती डोळ्यांत फेकतो. ऑपेरात ते काढून फक्त बायका आणि बातमी ठेवली. आईंच्या निरीक्षणामुळे हे आज नीट उमगलं.

मिरजेची_तार
काकांना पुढे काय दाखवणार? जोर्दानोचा ‘आंद्रेआ शेनिये’ लागला तर सोडू नका. फ्रेंच राज्यक्रांती, पहिल्या अंकापासून टेनरला उसंत नाही.

केतकी_तोरीनो
बाबांनीच ठरवलंय, रोम आणि ‘तोस्का’. अनुस्वार, माफ करा! त्यांना ‘तोस्का’चे तीन अंक जिथे घडतात ती तिन्ही ठिकाणं पायी फिरून मग संध्याकाळी प्रयोग बघायचाय. आईही येतेय, या वेळी तिने एकच बघून घरी यायचं नाव काढलं नाही.

अनुस्वार
माफी कसली, मीही तो चारदा बघेन, फक्त वेरिझ्मो म्हणणार नाही. रोमचं तेआत्रो देल्लोपेरा म्हणजेच जुनं कोस्तान्झी. ‘कावाल्लेरिया’ आणि १४ जानेवारी १९०० चा ‘तोस्का’, दोन्हींचे पहिले प्रयोग तिथलेच. आदोल्फ होहेनश्टाइनचं त्या वेळचं नेपथ्य पुन्हा उभारून ते अधूनमधून ‘तोस्का’ करतात, तारखा बघून त्याच प्रयोगाची तिकिटं घ्या.

कुलाबा_कॉजवे
आणि केतकी, सांत आंद्रेआ चर्च आणि कास्तेल सांत आंजेलो सहज बघता येतात, पण दुसऱ्या अंकातला पालाझ्झो फार्नेझे म्हणजे सध्या फ्रान्सचा दूतावास. आत जायला बरंच आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्रं दाखवावी लागतात. आईबाबांचे पासपोर्ट जवळ ठेव आणि नाट्यगृहाच्या तिकिटांआधी ही नोंदणी कर.